संवादप्रसंग (बैठे भूमिका-खेळ)

बैठ्या भूमिका-खेळात ज्या प्रसंगी खेळाडूंच्या पात्रांना आपले इच्छित शस्त्राने किंवा अंगबळाने नव्हे, तर बोलण्यातून मिळवावे लागते, त्या प्रसंगाला संवादप्रसंग म्हणतात. मन वळवणे, घासाघीस, आर्जव, धमकी, थाप मारणे, समेट घडवणे, साक्ष काढून घेणे हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. समोरचे पात्र बहुधा सूत्रधाराच्या ताब्यात असते. इंग्रजी खेळांत या सूत्रधाराला 'गेम मास्टर' किंवा 'डंजन मास्टर' असे नाव आहे. लढाईच्या प्रसंगात कोण किती घायाळ झाला हे आकड्यांनी सांगता येते. समोरचा माणूस किती वळला हे मोजण्याचे असे सर्वमान्य माप नाही, आणि म्हणूनच संवादप्रसंगाची रचना हा भूमिका-खेळांच्या नियमशास्त्रातील वादग्रस्त भाग राहिला आहे.

या लेखात रचनेची तत्त्वे स्पष्ट करण्यासाठी परभणी जिल्ह्यातील कालव्याच्या पाण्याचा एक कल्पित प्रसंग उदाहरण म्हणून वापरला आहे. त्यातील गाव व पात्रे काल्पनिक आहेत. कालवा, त्याचे लाभक्षेत्र आणि कायदा मात्र प्रत्यक्षातील आहेत.

पार्श्वभूमी

भूमिका-खेळांचा उगम युद्धखेळांत आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांचा 'क्रीगस्पील' हा नकाशावरचा युद्धखेळ प्रचारात आला. निकाल देणारा पंच ही त्यातील महत्त्वाची सोय होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ मांडला. एका जर्मन गावाची पार्श्वभूमी असलेल्या या खेळात प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका आणि तिचे स्वतंत्र उद्दिष्ट देण्यात आले. खेळाडू लढाई बाजूला ठेवून एकमेकांशी कुजबुजू लागले, सौदे करू लागले. त्या मंडळातले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला.

या पहिल्या खेळातच संवादासाठी एक छोटा तक्ता होता. अनोळखी प्राणी भेटला की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज २ ते ५ आली तर प्रतिसाद प्रतिकूल, ६ ते ८ आली तर अनिश्चित, ९ ते १२ आली तर अनुकूल. छत्तीस शक्यतांपैकी दहा प्रतिकूल, सोळा अनिश्चित आणि दहा अनुकूल अशी ती वाटणी होते. म्हणजे सर्वांत मोठा वाटा 'अजून ठरलेले नाही' या अवस्थेला जातो. दिसायला किरकोळ असलेला हा तक्ता फार विचारपूर्वक रचलेला वाटतो. समोरचा माणूस शत्रू की मित्र हे फासा प्रत्येक वेळी ठरवत नाही. पुष्कळदा तो निर्णय बोलण्यावर सोपवतो.

पुढील आवृत्त्यांत संवाद हे कौशल्य मानले गेले आणि त्याला अंक मिळाले. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत मुत्सद्देगिरी, थापेबाजी, धाकदपटशा अशी स्वतंत्र कौशल्ये होती. कट्टर वैऱ्याला मदतनीस बनवण्यासाठी त्या नियमांत ५० हे लक्ष्य होते. आकडा अशक्यप्राय वाटतो, पण मुत्सद्देगिरीत सारे गुण ओतलेल्या पात्राला तो गाठता येई, आणि मग राजा आपले सिंहासन का सोडतो याचे उत्तर फक्त 'फासा चांगला पडला' एवढेच उरे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या सूत्रधार-पुस्तिकेने यावर मर्यादा घातली. तिथे समोरच्याची मूळ वृत्ती मैत्रीची, तटस्थ की वैराची यावर निकाल अवलंबून असतो. वैरी पात्र २० चे लक्ष्य गाठल्यावरही केवळ तेवढीच मदत करते, जीत त्याला कसलीही जोखीम किंवा झीज नाही.

मराठी लोकरंगभूमीतील पूर्वरूपे

लिखित संहितेशिवाय, ठरलेल्या पेचावर उभा राहणारा संवाद महाराष्ट्राला नवा नाही. तमाशात गणानंतर येणारी गवळण हे त्याचे सर्वांत सुबक उदाहरण होय. गवळणींना दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला जायचे आहे. कृष्ण, पेंद्या व सवंगडी वाट अडवतात आणि दाण मागतात. गवळणींच्या बाजूने मावशी भांडते. मावशी परंपरेने पुरुष नट रंगवतो. प्रसंगाचा सांगाडा एवढाच. कोणाला काय हवे, कोण काय अडवतो आणि वाट मोकळी करण्याची किंमत काय, हे तिन्ही प्रश्न पहिल्या दोन वाक्यांत ठरतात. पुढची सारी बोलाचाली, गावातल्या ताज्या घडामोडींवरचे टोले आणि प्रेक्षकांना दिलेली उत्तरे नटांच्या हजरजबाबीपणावर सोडलेली असतात.

वगातही हीच रीत चालते. 'गाढवाचं लग्न' या वगातील सावळ्या कुंभाराच्या भूमिकेसाठी दादू इंदुरीकर प्रसिद्ध होते. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्यात दादा कोंडके त्या त्या दिवसाच्या राजकारणावर प्रयोगागणिक नवे विनोद करीत. संहिता लिहिलेली असूनही ती दर प्रयोगाला थोडी बदलत असे.

मराठवाड्यात गोंधळाची परंपरा आहे. परभणीचे राजाराम कदम हे तिचे नावाजलेले गोंधळी होत. संबळ-तुणतुण्याच्या साथीने चालणाऱ्या आख्यानात मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार मध्येच शंका विचारतो, टोकतो, अडाणीपणाचे सोंग घेतो. ऐकणाऱ्याच्या मनातला प्रश्न साथीदाराच्या तोंडून येत असल्याने कथेला वळण देण्याची संधी त्या प्रश्नातच असते. बहुरूपी तर रंगमंचही सोडून देतो. पोलिसाच्या वेशात तो थेट दारात उभा राहतो आणि घरातल्या माणसाला नकळत प्रसंगातले पात्र करून टाकतो.

या परंपरांना भूमिका-खेळ म्हणता येत नाही. त्यांत प्रेक्षक असतो, आणि गवळणींची वाट शेवटी मोकळी होणार हे सर्वांना ठाऊक असते. भूमिका-खेळात प्रेक्षक नाही आणि वाट मोकळी होईलच असे नाही. 'नाही' हे उत्तर खरोखर शक्य असणे हा दोहोंतला मुख्य भेद आहे.

प्रसंगाची घडण

संवादप्रसंग लिहिणारा नवखा सूत्रधार बहुधा समोरच्या पात्राची वाक्ये लिहून ठेवतो. खेळाडू अपेक्षित प्रश्न विचारत नाहीत आणि वाक्ये वाया जातात. अनुभवी सूत्रधार वाक्यांऐवजी पात्राची गरज लिहितो. पात्राला आत्ता काय हवे आहे, ते कशाला भिते, त्याला काय ठाऊक आहे आणि कोणत्याही किमतीला ते काय करणार नाही, एवढे ठरले की अनपेक्षित प्रश्नालाही उत्तर सापडते. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वाधिक वेळा विसरली जाते. सीमारेषा नसलेले पात्र कशालाही तयार होऊ शकते, आणि अशा पात्राला वळवण्यात खेळाडूंना गोडी राहत नाही.

दुसरी आवश्यक बाब म्हणजे वेळेचा फास. लढाईला आपोआप शेवट असतो. बोलणे मात्र रात्रभर चालू शकते. काहीतरी सुटून जाणार आहे, कोणीतरी येणार आहे, दार बंद होणार आहे, अशी बाहेरची घडी नसेल तर खेळाडू तोच मुद्दा पाच प्रकारे मांडत राहतात.

उदाहरण: टेलचे पाणी

पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा असून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि परभणी या जिल्ह्यांतून जातो. परभणी जिल्ह्यातील पाथरी, मानवत व परभणी तालुक्यांचा भाग त्याच्या लाभक्षेत्रात आहे. कालव्याच्या किंवा चारीच्या शेवटच्या टोकाला असलेल्यांना सर्वत्र 'टेलचे शेतकरी' म्हणतात. पाण्याचे वाटप शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपवणारा कायदा, म्हणजे महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ साली झाला.

समजा, मानवत तालुक्यातील एका गावात रब्बीचे आवर्तन चालू आहे. टेलची ज्वारी पोटरीत आहे, म्हणजे नेमक्या याच वेळी पाणी चुकले तर कणीस भरत नाही. आवर्तन संपायला चार दिवस उरले आहेत. पाळीपत्रकाप्रमाणे टेलची पाळी दोन दिवसांपूर्वीच यायला हवी होती. पाणी आलेले नाही. खेळाडूंची पात्रे चार: टेलचा एक अल्पभूधारक शेतकरी, त्याची विधवा वहिनी जिच्या नावावर लगतचे दोन एकर आहेत, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा तिचा मुलगा आणि त्यांच्या शेतात वाट्याने राबणारा एक मजूर. हे चौघे संध्याकाळी पाणीवापर संस्थेच्या अध्यक्षाच्या वाड्यावर जातात.

अध्यक्षाचे टिपण सूत्रधाराने पुढीलप्रमाणे केले आहे. त्याचे शेत चारीच्या मुखाशी आहे. आठ दिवसांवर मुलीचे लग्न आहे आणि त्याला या आठ दिवसांत गावात तंटा नको. संस्थेची निवडणूक पुढच्या वर्षी आहे. त्याला ठाऊक असलेली गोष्ट अशी, की गेटचे कुलूप रात्री तोडणारा त्याचा स्वतःचा पुतण्या आहे. आणि पुतण्याचे नाव तो चारचौघांत कधीही कबूल करणार नाही.

या टिपणात एकही संवाद नाही. तरीही पात्रे कुठूनही शिरली तरी अध्यक्षाला प्रतिसाद देता येतो. विद्यार्थ्याने पाळीपत्रक पुढे टाकले तर अध्यक्ष कागद नीट वाचेल, मान्य करेल आणि गेट नादुरुस्त असल्याचे सांगेल. कागदाने तो हरत नाही, पण त्याला खोटे बोलावे लागते आणि ते खोटे पुढे उपयोगी पडते. शेतकऱ्याने पाटबंधारे शाखेत लेखी तक्रार करण्याचा धाक घातला तर निवडणुकीची भीती जागी होईल, मात्र लग्नघरात येऊन धमकी दिली हा राग कायमचा बसेल. वहिनीने लग्नाची विचारपूस केली, रुखवताच्या कामाला हात लावायची तयारी दाखवली आणि निघताना पाण्याचा विषय काढला, तर अध्यक्ष बहुधा स्वतःच मार्ग सुचवेल: रात्री दोनला या, गेटवर कोणी नसेल. हा मार्ग पाणी देतो, पण चोरीच्या वाटेने देतो. दुसऱ्या दिवशी टेलच्या बाकी शेतकऱ्यांना त्याचे काय उत्तर द्यायचे, हा नवा प्रसंग त्यातूनच उभा राहतो.

पुतण्याचे नाव मजुराला ठाऊक असेल तर सर्वांत मोठी कळ त्याच्या हाती आहे. ती चारचौघांत दाबली तर अध्यक्षाची सीमारेषा ओलांडली जाते आणि बोलणी तिथेच संपतात. एकांतात, नाव न घेता, 'कुलूप नवे बसवून घ्या, किल्ली टेलकडे द्या' एवढेच सुचवले तर ती रेषा शाबूत राहते. एकच माहिती एका ठिकाणी दार उघडते आणि दुसऱ्या ठिकाणी बंद करते. रचनेची खरी कसोटी इथे लागते: खेळाडूंना काय माहीत आहे यापेक्षा ते कधी आणि कोणासमोर बोलतात याला महत्त्व यायला हवे.

अपयशाची व्यवस्थाही आधीच करावी लागते. अध्यक्षाने सरळ नकार दिला आणि खेळ अडला, तर ती रचनेतली चूक समजली जाते. नकारानंतरही चार दिवस उरलेले आहेत, पाटकरी आहे, शेजारच्या चारीवरचा नातेवाईक आहे, विकतचा टँकर आहे. प्रत्येकाची किंमत वेगळी. रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' पद्धतीच्या तपासखेळांत, २००७ पासून, पुढे जाण्यासाठी अत्यावश्यक असलेली माहिती फाशावर ठेवतच नाहीत, ती योग्य कौशल्य असलेल्या पात्राला मिळतेच. संवादप्रसंगात याचा अर्थ असा, की नकार मिळाला तरी काहीतरी कळलेच पाहिजे. 'गेट नादुरुस्त आहे' हे वाक्य अशीच एक खूण आहे.

फासा कधी टाकावा

याविषयी खेळाडूंमध्ये दोन टोकांची मते आहेत. काहींच्या मते जे खेळाडू प्रत्यक्ष बोलून दाखवील तेच पात्र बोलले असे धरावे, फाशाची गरज नाही. काहींच्या मते पात्राच्या अंगी वक्तृत्व असताना खेळाडू अबोल आहे म्हणून त्याला शिक्षा का, तलवार चालवण्यासाठी कोणी खेळाडूला तलवार चालवून दाखवायला लावत नाही.

दुसऱ्या बाजूची तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर पहिल्या बाजूकडे नाही. तोतरेपणा असलेला, लाजाळू किंवा मराठी दुसरी भाषा म्हणून शिकलेला खेळाडू टेबलाशी बसला असेल तर केवळ बोलघेवड्यांचाच विजय होत राहतो. यावर रूढ झालेला उपाय साधा आहे. पात्राच्या तोंडचे शब्द आणि पात्राच्या बोलण्याचा आशय, दोन्ही सारखेच ग्राह्य धरायचे. 'माझा शेतकरी त्याला त्याच्या वडिलांनी केलेल्या उपकाराची आठवण देतो आणि आवाज न चढवता पाणी मागतो' हे वाक्य पूर्ण अभिनयाइतकेच वजनदार मानायचे. निकाल ठरतो तो कोणत्या गरजेला किंवा भीतीला हात घातला यावर. शब्दांची फेक त्यानंतर.

मग फासा केवळ तिथे उरतो, जिथे समोरचे पात्र दोन्ही बाजूंना झुकू शकते. अध्यक्षाला जे आपसूकच हवे आहे त्यासाठी फासा नको, आणि जे तो कधीच करणार नाही त्यासाठीही नको. व्हिन्सेंट व मेगी बेकर यांच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाने आणि त्यावरून निघालेल्या 'डंजन वर्ल्ड'ने हे नियमातच बसवले. 'डंजन वर्ल्ड'मध्ये समोरच्याला हवे असलेले किंवा नको असलेले काही हाती असल्याशिवाय मनधरणीचा फासा टाकताच येत नाही. दोन फाशांची बेरीज १० किंवा जास्त झाली तर वचनावर काम होते. ७ ते ९ आली तर समोरचा आत्ताच काहीतरी ठोस मागतो. या मधल्या पट्ट्यात छत्तीसपैकी पंधरा शक्यता येतात. वरच्या उदाहरणात त्याचा अर्थ असा होईल: पाणी उद्या मिळेल, पण त्याआधी तक्रारअर्जाची प्रत फाडून टाका.

ल्यूक क्रेन यांच्या 'बर्निंग व्हील'मधील वादयुद्धाच्या नियमात दोन्ही बाजू आपली मागणी सुरुवातीलाच जाहीर करतात. वाद जिंकणाऱ्याचाही मुद्दा जितका झिजला असेल त्या प्रमाणात त्याला तडजोड द्यावी लागते. गावच्या बैठकीत बसलेल्या कोणालाही हा नियम ओळखीचा वाटेल. रॉबिन लॉज यांच्याच २०१३ च्या 'हिलफोक'मध्ये फासा जवळजवळ नाहीच. तिथे प्रत्येक प्रसंगात एक मागणारा आणि एक देणारा असतो. देणाऱ्याने दिले तर टोकन त्याला, नाकारले तर मागणाऱ्याला. मागणी मान्य करणे तिथे हार ठरत नाही, म्हणून पात्रे हट्ट सोडायला तयार होतात.

चौथ्या आवृत्तीतील 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने २००८ मध्ये संवादाला लढाईसारखे बांधण्याचा प्रयत्न केला. सुधारित नियमांनुसार तीन अपयशे येण्याआधी ठरावीक संख्येने यश मिळवायचे असे. यामुळे सर्वांना भाग घ्यावा लागला हा लाभ झाला, परंतु पुष्कळ मंडळांत खेळाडू काय बोलायचे हे सोडून आपले सर्वांत मोठे कौशल्य कोणते एवढेच शोधू लागले.

संबोधने

इंग्रजीतून आलेल्या नियमपुस्तकांत या विषयाला जागा नाही, कारण त्या भाषेत समोरच्यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत पहिल्या शब्दातच नाते जाहीर होते. अध्यक्षाला 'साहेब' म्हणणारा, 'मालक' म्हणणारा, 'मामा' म्हणणारा आणि नुसते 'भाऊ' म्हणणारा हे चार वेगळे पवित्रे आहेत. मजूर 'मालक' म्हणतो तेव्हा तो आपली जागा मान्य करतो. त्याच मजुराने 'अध्यक्ष' म्हटले तर तो कायद्याची भाषा बोलू लागला असे समजायचे. वहिनी त्याला 'दाजी' म्हणत असेल तर सासरमाहेरचे कुठले तरी नाते मध्ये आहे, आणि ते सूत्रधाराने आधीच ठरवायला हवे. परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथे मराठी आणि दखनी उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात, 'चाचा' हा शब्दही तितकाच सहज येतो.

मराठीत खेळणाऱ्या सूत्रधाराला यातून एक फुकटचे साधन मिळते. समोरच्या पात्राची वृत्ती बदलली हे आकड्याने सांगण्याची गरज राहत नाही. आतापर्यंत 'तुम्ही' म्हणणारा अध्यक्ष विद्यार्थ्याला 'अरे, ऐक' म्हणाला तर ती जवळीक आहे की दरडावणी, हे सुरावरून कळते आणि टेबलाभोवती सर्वांना एकाच वेळी कळते. त्याने शेतकऱ्याला अचानक 'आपण' म्हणायला सुरुवात केली तर दार बंद झाले असे खुशाल समजावे.

ओसरीवर कोण चढतो

संवादप्रसंगाच्या बहुतेक नियमांत एक गृहीतक दडलेले असते, ते असे की बोलायला बसलेले सर्वजण बोलण्याच्या हक्काने समान आहेत. गावच्या प्रसंगात ते टिकत नाही. कोणाला खुर्ची मिळते, कोण पायरीशी उभा राहतो, चहा कोणत्या पेल्यातून येतो, बाई बोलू लागली की नजर कोणाकडे वळते, या गोष्टी पहिला शब्द उच्चारण्याआधी घडून गेलेल्या असतात. जात आणि लिंगभाव पूर्ण पुसून टाकले तर प्रसंग खोटा वाटतो. ते जसेच्या तसे आणले तर टेबलाशी बसलेल्या खऱ्या माणसाला, ज्याने तोच अपमान कधीतरी प्रत्यक्षात सोसला असेल, करमणुकीच्या नावाखाली तो पुन्हा सोसावा लागतो.

काही सूत्रधार यावर पात्राच्या वक्तृत्वातून गुण वजा करण्याचा मार्ग घेतात. हा मार्ग सर्वांत वाईट म्हणावा लागेल: त्यामुळे समाजाचा अन्याय पात्राच्या अंगभूत उणिवेसारखा कागदावर लिहिला जातो. त्यापेक्षा अन्याय समोरच्या पात्राच्या टिपणात लिहिणे योग्य ठरते. मजुराचे बोलणे अध्यक्ष चारचौघांत ऐकून घेत नाही, हा अध्यक्षाचा दोष आहे, आणि त्याची किंमतही अध्यक्षानेच मोजायची आहे; कारण कुलपाची बातमी ज्याच्याकडे आहे त्यालाच त्याने पायरीशी उभे केले आहे.

असा भेदभाव प्रसंगात किती दिसावा, हे त्या पात्राच्या खेळाडूने ठरवावे असा संकेत अनेक मंडळांत पाळला जातो. त्यासाठी दोन साधने प्रचलित आहेत. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडलेल्या 'रेषा आणि पडदे' या पद्धतीत खेळ सुरू होण्याआधीच कोणता विषय अजिबात नको आणि कोणता पडद्याआड, तपशिलाशिवाय चालेल हे ठरते. जॉन स्टाव्ह्रोपूलोस यांच्या 'एक्स-कार्ड'ची रीत अधिक सोपी आहे: टेबलावर फुली मारलेला कागद असतो, त्याला हात लावला की चालू भाग कारण न विचारता वगळायचा. हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षाभोवती, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईच्या आगेमागे, मराठवाड्यात घडणारा खेळ रचणाऱ्यांना ही साधने विशेष लागतात. त्या काळाच्या आठवणी तिथल्या पुष्कळ घरांत, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, अजून सांगितल्या जातात, आणि दोन घरांतल्या आठवणी सहसा जुळत नाहीत.

प्रसंगानंतर

संवादप्रसंगाचे परिणाम लढाईसारखे लगेच दिसत नाहीत, म्हणून त्यांची नोंद ठेवावी लागते. अध्यक्षाला कोणी काय वचन दिले, कोणाचा राग धरला, कोणाचे उपकार मानले, एवढ्या तीन ओळी पुरतात. ही नोंद नसेल तर पुढच्या बैठकीत तेच पात्र कोऱ्या पाटीने भेटते आणि आधीच्या बोलण्याला अर्थ उरत नाही. लग्न आटोपते, ज्वारी निघते. पुढच्या रब्बीत निवडणूक लागते, तेव्हा अध्यक्षाचा माणूस टेलच्या शेतकऱ्याच्या दारात येऊन उभा राहतो, आणि या वेळी मागणारा तो असतो.